'पण तो टोप्रे नव्हे': अस्सलपणाच्या एका बाजारी व्याख्येविरुद्ध

कळफलकांच्या शौकिनांत एक वाक्य हमखास ऐकू येते. कुणी तुलनेने स्वस्त, चिनी बनावटीचा धारिता-कळफलक घेतलेला असतो, त्यावर महिनोन्महिने काम केलेले असते आणि आपले समाधान झाल्याचे त्याने सांगितलेले असते. त्यावर उत्तर तयार असते: 'चांगला आहे, पण तो टोप्रे नव्हे.' आमचे भांडण या वाक्यातल्या 'पण'शी आहे. वरवर पाहता हे एका वस्तूविषयीचे मत वाटते. प्रत्यक्षात तो निवाडा असतो, आणि पुरावा मागण्याची सोय तो ठेवत नाही. कळ कुठे कमी पडली, आवाज कुठे खटकला, बोट कुठे अडखळले, यांपैकी काहीही न सांगता वस्तूला तिची पायरी दाखवून दिली जाते.

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी या वादात का पडावे, असे वाचक विचारतील. आमच्या लेखी त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की हा वाद ज्या शब्दांत चालतो ते शब्द आपले आहेत. पोत, नाद, अनुभूती, रसिकता, अस्सल आणि नक्कल हे शब्द समीक्षेच्या तासाला आपण तोलून वापरायला शिकवतो. तेच शब्द बाजारात न तोलता खपवले जातात आणि तिथून आपल्याकडे परत येताना झिजून येतात. दुसरे कारण अधिक ऐहिक आहे. आजचे बहुतेक सर्व मराठी लेखन छापून येण्यापूर्वी कुणाच्या तरी बोटांखालच्या कळांतून जाते. ती बोटे कुणाची आणि त्यांच्या वाट्याला कोणती कळ येते, हा प्रश्न वाङ्मयबाह्य आहे असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. घरोघरी व कचेऱ्यांतून दिसणाऱ्या साध्या कळफलकात छापील वाहक रेषा असलेले दोन पातळ पडदे असतात. कळ दाबली की रबराचा घुमट दबतो, वरचा पडदा खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका असतो व त्यात धातूची दोन टोके एकमेकांना भिडतात. ज्याला कपॅसिटिव्ह म्हणतात त्या धारिता-कळफलकात मात्र अक्षर उमटण्यासाठी विजेची दोन टोके जुळावी लागत नाहीत. रबराच्या घुमटाखाली शंकूच्या आकाराची एक बारीक स्प्रिंग असते. कळ खाली जाते तशी ती दबते, तिच्यामुळे खालच्या फलकावरची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि तो बदल मोजून कळ दाबली गेल्याचे ठरवले जाते. भिडणारी टोकेच नसल्याने ती झिजण्याचा वा गंजण्याचा प्रश्न उरत नाही. हा या रचनेचा खरा गुण आहे आणि तो आम्हांस मान्य आहे.

परंतु बोटाला जे जाणवते, ज्याचे वर्णन करताना शौकिनांच्या भाषेला बहर येतो, ते धारितेमुळे जाणवत नाही. शंकूच्या त्या स्प्रिंगचा जोर अगदीच थोडा असतो. सुरुवातीचा प्रतिकार, तो सुटण्याचा क्षण, तळाशी मऊपणे टेकणे, हे सारे रबराच्या घुमटाचे काम आहे. स्वस्त कळफलकात ज्या रबराला लिबलिबीत म्हणून हिणवले जाते, तेच रबर इथे 'अवर्णनीय स्पर्श' होऊन बसते. इथले रबर निराळ्या दर्जाचे, निराळ्या आकाराचे आणि अधिक काटेकोरपणे घडवलेले असते हे खरे. मग चर्चा रबराच्या दर्जाची व्हावी. ती तशी होत नाही, कारण रबराविषयी उदात्त बोलणे कठीण जाते आणि धारितेविषयी ते सहज जमते.

तत्त्व म्हणूनही धारितेला काही खानदान नाही. १९८१ साली आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर आलेला 'मॉडेल एफ' कळफलक धारितेवरच चालत असे. १९८५ च्या सुमारास 'मॉडेल एम' आला तेव्हा आयबीएमने बोटाला जाणवणारी वाकती स्प्रिंग तशीच ठेवली आणि तिच्याखालची धारितेची रचना काढून तिथे स्वस्त पडदा बसवला. म्हणजे एका कंपनीने आपल्याच महाग वस्तूची स्वस्त आवृत्ती काढली, आणि आज जुन्या कळफलकांचे संग्राहक त्या स्वस्त आवृत्तीलाही देव्हाऱ्यात बसवतात. उलट उदाहरण की ट्रॉनिक या अमेरिकी कंपनीचे. फोमची चकती आणि तिच्यावर धातूचा पातळ वर्ख, एवढ्या साध्या सामग्रीवर तिने धारितेचे कळफलक बनवले. ॲपलच्या १९८३ सालच्या 'लिसा' संगणकाचा कळफलक याच जातीचा. फोम वर्षानुवर्षांनी कुजतो, म्हणून आज हे कळफलक फोम बदलूनच चालते करावे लागतात. तेव्हा एकच भौतिक तत्त्व महागातही असते आणि स्वस्तातही असते. 'धारिता म्हणजे उच्च' हे समीकरण इतिहासात कुठेही सापडत नाही.

आता टोप्रेकडे वळू. हे नाव 'टोकियो प्रेस' या शब्दांवरून आलेले आहे. १९३५ साली स्थापन झालेली ही जपानी कंपनी मुख्यत्वे मोटारींसाठी दाबयंत्रावर घडवलेले पत्र्याचे भाग बनवते आणि थंड माल वाहणाऱ्या ट्रकांच्या पेट्या बनवते. तिची 'रिअलफोर्स' ही कळफलकमालिका २००१ पासूनची. या मालिकेतल्या काही कळफलकांत कळीकळीचा भार वेगळा ठेवलेला असतो. करंगळीच्या वाट्याच्या कळा ३० ग्रॅमच्या, बहुतेक इतर ४५ ग्रॅमच्या. हा विचार आम्हांस मोलाचा वाटतो. करंगळी अशक्त असते, दिवसभर आकडे आणि अक्षरे भरणाऱ्या माणसाची करंगळी संध्याकाळी दुखते, हे ज्याच्या ध्यानात आले त्याने ही वस्तू घडवली. म्हणजे तिचा जन्म कामाच्या टेबलावरचा आहे. तिला दिवाणखान्यात नेऊन ठेवले ते शौकिनांनी.

शौकिनांच्या दैवतांत सर्वांत वरचे स्थान 'हॅपी हॅकिंग कीबोर्ड'चे. टोकियो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक एइइची वादा यांच्या कल्पनेतून पीएफयू या जपानी कंपनीने तो १९९६ साली आणला. वादांचे म्हणणे असे होते की यंत्रे बदलत राहतात, प्रत्येक यंत्राबरोबर कळांच्या जागाही बदलतात, आणि माणसाच्या बोटांना लागलेले वळण त्यात वाया जाते. त्यासाठी त्यांनी दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. वाळवंटात घोडा मेला तर अमेरिकेतला गुराखी घोडा तिथेच सोडतो, पण खोगीर पाठीवर घेऊन चालू लागतो. संगणक हा घोडा, कळफलक हे खोगीर. दृष्टान्त सुंदर आहे. मात्र तो आहे कळांच्या मांडणीविषयी. त्यात धारितेचा उल्लेख नाही आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण १९९६ चा तो पहिला कळफलक धारितेचा नव्हताच. त्यात साधा रबरी घुमट आणि पडदा होता. टोप्रेच्या धारिता-कळा त्यात आल्या त्या २००३ च्या 'प्रोफेशनल' आवृत्तीपासून. पुढे २०२३ साली याच घराण्यात 'स्टुडिओ' नावाचा कळफलक आला तो यांत्रिक खटक्यांचा. ज्या वस्तूच्या नावाने अस्सलपणाची शपथ घेतली जाते ती वस्तू धारितेशिवाय जन्मली आणि धारितेवाचूनही आपली शाखा काढती झाली. मग 'अस्सल' म्हणजे नेमके काय? मांडणी, रबर, धारिता की बोधचिन्ह? हा प्रश्न विचारला की शौकिनांच्या पोतडीत खोगीरभरतीच अधिक निघते.

२००६ साली याच कळफलकाची एक विशेष आवृत्ती निघाली होती. तिच्या कळांवर 'उरुशी' या पारंपरिक जपानी लाखेचे हाताने लेपन केलेले होते आणि तिची किंमत सुमारे पाच लाख येन होती. लाखेच्या कारागिरीविषयी आम्हांस आदर आहे, पण त्या लेपाने अक्षर अधिक चांगले उमटते असे कुणी म्हणणार नाही. इथे थॉर्स्टिन व्हेब्लेनची आठवण होते. १८९९ च्या आपल्या ग्रंथात त्याने हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावर काढलेला ॲल्युमिनियमचा चमचा समोरासमोर ठेवले होते. हातघडणीचा वाटणारा चमचा ही केवळ चतुर नक्कल आहे असे कळताच त्याचे मोल कोसळते, जरी चमचा तोच असतो आणि सूपही तेच असते. व्हेब्लेनचा मुद्दा असा की ज्याला आपण सौंदर्यबोध म्हणतो त्यात किमतीचा बोध बेमालूम मिसळलेला असतो. 'पण तो टोप्रे नव्हे' या वाक्यात हीच मिसळ आहे. बोलणारा बोटाविषयी बोलतो आहे असे त्यालाही वाटते, पण बोलत असते ती पावती.

या वादातला आमच्या क्षेत्राशी थेट भिडणारा शब्द म्हणजे 'नक्कल'. चीनमधल्या 'निझ'सारख्या कंपन्यांचे धारिता-कळफलक सरसकट टोप्रेची नक्कल म्हणून ओळखले जातात. तत्त्व तेच आहे, रचना टोप्रेच्या वळणावर बेतलेली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एवढ्यावरून निवाडा होत नाही हे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी सांगावे लागू नये. देवलांचे 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून आले आणि पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून. या नाटकांवर लिहिताना 'बरे आहे, पण शेक्सपिअर नव्हे' एवढेच लिहून उत्तरपत्रिका देणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देऊ? रूपांतराने काय घेतले, काय सोडले, कोणत्या प्रेक्षकासाठी काय बदलले आणि त्या बदलाने काय साधले, हे त्याला सांगावे लागते. हीच शिस्त वस्तूच्या तुलनेत का नको?

ती शिस्त पाळून पाहू. निझच्या अनेक कळफलकांतले घुमट टोप्रेच्या नेहमीच्या ४५ ग्रॅमांहून हलके, ३५ ग्रॅमचे असतात, आणि सोबत मिळणाऱ्या बारीक स्प्रिंगा घालून हव्या त्या कळीचा भार सुमारे १० ग्रॅमने वाढवता येतो. म्हणजे कोणत्या बोटाला किती भार द्यायचा ते वापरणारा स्वतः ठरवू शकतो. रिअलफोर्समध्ये हा निर्णय कारखान्यात झालेला असतो. दुसरे, टोप्रेच्या पारंपरिक कळांचा दांडा निराळ्या घाटाचा असल्याने त्यांवर बाजारात सहज मिळणाऱ्या टोप्या बसत नाहीत. निझच्या कळांना यांत्रिक कळफलकांसारखा फुलीच्या आकाराचा दांडा असतो, त्यामुळे टोप्यांची निवड मोकळी होते. ही सोय चिन्यांचीच मिरास नव्हे. २०१४ साली कूलर मास्टर या कंपनीने टोप्रेच्याच कळा घेऊन फुलीच्या दांड्याचा कळफलक काढला होता. पण त्याला कुणी नक्कल म्हटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता दुसरी बाजू. जपानी कळफलकात एका कळीचा स्पर्श दुसरीसारखा असण्याची शक्यता अधिक असते. त्याच्या सांगाड्याची जोडणी, स्पेस-बारसारख्या लांब कळांचा समतोल आणि टोप्यांवरची छपाई यांत दीर्घ अनुभव दिसतो. स्वस्त कळफलकात एखादी लांब कळ खुळखुळते, सोबतची आज्ञावली ओबडधोबड असते, आणि दुरुस्तीची वेळ आली की सुटे भाग कुठून आणायचे हा प्रश्न पडतो. हे दोष खरे आहेत आणि ज्याला त्यांपासून सुटका हवी त्याने जास्त पैसे जरूर मोजावेत. आमचे म्हणणे एवढेच की हे दोष सांगता येतात, दाखवता येतात आणि त्यांची किंमत करता येते. 'आत्मा नाही' हा दोष तसा दाखवता येत नाही. जो दोष दाखवता येत नाही तो वस्तूचा नसून पाहणाऱ्याचा असण्याची शक्यता समीक्षेने गृहीत धरली पाहिजे.

स्वस्ताच्या कैवाऱ्यांनाही इथे दोन शब्द सुनावणे भाग आहे. 'हुबेहूब टोप्रेसारखाच, आणि निम्म्या किमतीत' असे ते म्हणतात तेव्हा त्यांना वाटते की आपण बंड करतो आहोत. वस्तुतः ही शरणागती आहे. मोजपट्टी टोप्रेचीच ठेवायची आणि आपली वस्तू तिच्याशी किती जुळते एवढेच सांगत बसायचे, यात मोजपट्टी बदलण्याचे धाडस नाही. वसाहतकाळातली आपली समीक्षा 'महाराष्ट्राचा शेक्सपिअर' शोधत बसे त्याच वाटेचा हा प्रवास आहे. हलका भार, मोकळी निवड, स्वतः उघडून बदलता येण्याची सोय या गोष्टी टोप्रेशी जुळतात म्हणून चांगल्या ठरत नाहीत. त्या कुणाच्या तरी उपयोगाच्या आहेत म्हणून चांगल्या ठरतात. प्रश्न आहे तो कुणाच्या.

इथे मराठीचा विचार करावा लागतो, कारण वर्णनात ज्याला सरसकट 'टंकन करणारा' म्हटले जाते तो इंग्रजीत टंकन करणारा असतो. देवनागरीसाठी १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाणित केली आणि पुढे १९९१ च्या भारतीय मानकात ती समाविष्ट झाली. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यत्वे उजव्या हाताला आहेत. ज, च, ट, ड, य ही पाच व्यंजने एकट्या उजव्या करंगळीकडे येतात, आणि 'डॉक्टर', 'कॉलेज' यांतला अर्धचंद्रही तिच्याचकडे. ख, घ, थ, ध, भ यांसारखी महाप्राण व्यंजने शिफ्ट धरूनच उमटतात, तेव्हा डावी करंगळी गुंतते. हलन्ताची कळ डाव्या मधल्या बोटाखाली आहे. 'स्वातंत्र्य' हा एक शब्द लिहिताना ११ वेळा कळ दाबावी लागते, आणि त्यांतल्या ३ वेळा ती हलन्ताची असते. इंग्रजीत करंगळी फारशी राबत नाही असे गृहीत धरून केलेले सगळे हिशेब मराठीत बदलतात. करंगळीच्या कळा हलक्या असाव्यात हा टोप्रेचा विचार आपल्याला इंग्रजीवाल्यांपेक्षा अधिक लागू पडतो, आणि त्या किती हलक्या असाव्यात हे आपले आपण ठरवण्याची सोय त्याहून अधिक उपयोगी पडते.

याउलट, दैवतपदाला पोहोचलेल्या त्या ६० कळांच्या कळफलकाकडे पाहा. त्यात इनस्क्रिप्टमधला 'ॉ' ज्या कळीवर आहे ती कळ वरच्या आकड्यांच्या ओळीत, उजव्या टोकाला नेऊन ठेवली आहे. 'कॉलेज' लिहिणाऱ्या मराठी प्राध्यापकाची करंगळी तिथवर ताणली जाते. वादांनी ही मांडणी युनिक्सवर काम करणाऱ्यांसाठी केली होती, मराठीसाठी नव्हे, तेव्हा त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. पण 'लेखकाचा अंतिम कळफलक' म्हणून तो आपल्या गळी उतरवला जातो तेव्हा लेखक कोणत्या लिपीत लिहितो हे कुणी विचारत नाही. खोगिराचा दृष्टान्त खरा मानायचा तर मराठी लेखकाचे खोगीर इनस्क्रिप्ट हे आहे. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे ते उपलब्ध आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. ते न शिकता रोमन अक्षरांत मराठी बडवत वीस-तीस हजारांच्या कळफलकाची स्वप्ने पाहणे म्हणजे चालायला न शिकता काठीची नक्षी निवडणे होय.

किमतीचाही हिशेब मांडू. आयातशुल्क व वाहतूक धरून टोप्रेच्या कळांचा कळफलक आपल्याकडे घरी येईपर्यंत साधारण वीस ते तीस हजार रुपयांच्या घरात जातो. चिनी धारिता-कळफलक त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश किमतीत पडतो. म्हणजे ज्याला इथे स्वस्त म्हटले जाते तेही एम.ए.च्या विद्यार्थ्याला परवडणारे नाहीच. त्याच्यासाठी टीव्हीएस गोल्डसारखा दोन-तीन हजारांचा यांत्रिक कळफलक हाच व्यवहार्य पर्याय आहे. कित्येक वर्षे बँकांतून, कचेऱ्यांतून आणि डीटीपीच्या दुकानांतून तो खडखडत आला आहे, आणि त्यावर झालेल्या मराठी कामाचे माप कोणत्याही संग्राहकाच्या कपाटाला पेलणारे नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनो, धारितेच्या मोहात कर्ज काढू नका, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

मग स्वस्त धारिता-कळफलकाची बाजू आम्ही कुणासाठी घेतो? डीटीपी करणाऱ्यांसाठी. आजही कितीतरी लेखकांची हस्तलिखिते त्यांच्याच हातून अक्षरबद्ध होतात. कितीतरी विद्यार्थी आपले लघुप्रबंध विद्यापीठाभोवतालच्या दुकानांतून टंकून आणतात, आणि आपण मार्गदर्शक त्यांतली ऱ्हस्वदीर्घे लाल शाईने दुरुस्त करून पुन्हा त्याच हातांकडे पाठवतो. पानामागे मजुरी घेणारी ही माणसे दिवसाचे आठ-दहा तास जोडाक्षरे बडवतात, बहुधा मालकाने आणलेल्या सर्वांत स्वस्त कळफलकावर. निर्णयसागरच्या देखण्या छपाईविषयी शिकवताना आपण जावजी दादाजींचे नाव घेतो. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांची नावे आपल्या टिपणांत येत नाहीत. डीटीपी करणारा हा त्या जुळाऱ्याचा वारस आहे, आणि तोही आपल्या टिपणांत येत नाही. मराठीत 'कळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि या माणसाला ते दोन्ही एकाच बोटात ठाऊक आहेत.

हात दुखण्याला केवळ कळफलक कारण असतो असे आम्ही म्हणत नाही. टेबलाची उंची, बसण्याची रीत, विश्रांतीचा अभाव आणि पानामागच्या दराने लादलेली घाई यांचा वाटा कदाचित मोठा आहे. परंतु हलकी, न खडखडणारी, न झिजणारी कळ ही त्या दिवसभरातली एक तरी गोष्ट सुधारते. दहा-बारा हजारांची वस्तू पाच-सात वर्षे चालली तर छोट्या प्रकाशकालाही ती न परवडण्याजोगी नाही. लेखकाच्या सत्काराला शालीवर जेवढा खर्च होतो त्याच्या हिशेबात ती बसवता येईल. अशा ठिकाणी ही वस्तू पोहोचू शकते ती केवळ ती 'टोप्रे नव्हे' म्हणूनच. या वाक्यातला तुच्छतेचा सूर आम्हांस का झोंबतो ते आता ध्यानात यावे. जी वस्तू कामगाराच्या हातात पडू शकते तिलाच 'पण' लावला जातो.

अध्यापकांपुढे या निमित्ताने दोन मागण्या ठेवतो. पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच सत्रात इनस्क्रिप्ट शिकवले जावे. आठवडाभराच्या सरावाने कळांच्या जागा कळतात आणि दोन-तीन महिन्यांत वेग येतो, हे आम्ही विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. दुसरी मागणी खरेदीची. विभागांच्या संगणकांसाठी कळफलक घेताना सर्वांत कमी दराची निविदा हा एकमेव निकष नसावा. एका महाविद्यालयात अशा खरेदीतून आलेल्या कळफलकांवरची अक्षरे वर्षभरात पुसली गेल्याचे आम्ही पाहिले, आणि मग विद्यार्थी अक्षर शोधण्यात तास घालवू लागले. सर्वांत महाग नको हे आपल्याला कळते, पण सर्वांत स्वस्त का नको हे खरेदी समितीला पटवून द्यायचे तर भार, टिकाऊपणा, दुरुस्ती आणि वापराचे तास यांची भाषा आपल्याला आली पाहिजे. 'अवर्णनीय स्पर्श' असे लिहून कोणतीही समिती पैसे मंजूर करणार नाही, आणि तिने करूही नयेत.

तुलनेला आमचा विरोध नाही. तुलना हे तर आमचे पोट भरण्याचे साधन. कोण टंकन करतो, दिवसाचे किती तास, कोणत्या लिपीत, पैसे कोण देतो आणि बिघडले तर दुरुस्त कोण करतो, एवढे पाच प्रश्न आधी विचारून जी तुलना होईल तिचे स्वागतच आहे. ते न विचारता जिथे अस्सल आणि नक्कल एवढ्याच दोन खुंट्यांवर सगळे टांगले जाते, तिथे समीक्षेच्या नावाखाली दुकानदारी चालली आहे असे समजावे. राहता राहिला प्रश्न त्या दोन शब्दांमधल्या अंतराचा. इनस्क्रिप्टमध्ये 'नक्कल' लिहायला पाच कळा लागतात आणि 'अस्सल' लिहायलाही पाचच. फक्त 'अस्सल'मधला 'अ' हलन्ताच्याच कळीवर असल्याने तेवढ्यासाठी शिफ्ट धरावी लागते. कळफलकाला ठाऊक असलेला फरक एवढाच आहे. बाकीचा आपण लावला आहे, आणि तो काढून टाकणेही आपल्याच हातात आहे.